सामाजिक व्यवहारकौशल्य : अहिंसेचे नित्याचे रूप





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात पन्नास वर्षांच्या कार्याचा लेखाजोखा मांडला जातो. वास्तू, देणग्या, चातुर्मास, शिबिरे यांची नोंद होते आणि ती होणे उचितच आहे. परंतु संस्था पन्नास वर्षे टिकते ती ज्या बळावर, त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत सापडत नाही. माणसांनी परस्परांचे ऐकून घेतले, मतभेद असूनही एका सतरंजीवर बसले, रुसलेल्याच्या घरी कोणीतरी आपण होऊन गेले, म्हणून संस्था उभी राहिली. या अदृश्य भांडवलाला आजच्या भाषेत 'सामाजिक कौशल्ये' असे म्हणतात. ती कोठून येतात, कशी टिकतात आणि पुढच्या पिढीला कशी द्यावयाची, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

जालन्याच्या जैन समाजाला ही कौशल्ये कोणत्याही वर्गात शिकविली गेली नव्हती. त्यांची शाळा होती मोंढ्यातील आडत दुकानाची गादी. शाळा सुटल्यावर मुलगा वडिलांच्या किंवा काकांच्या शेजारी येऊन बसे. कपाशी, ज्वारी, तूर घेऊन आलेला शेतकरी, हमाल, मापाडी, मुनीम, उधारी मागणारा आणि उधारी चुकविणारा अशी नाना प्रकारची माणसे त्याला दिवसभर दिसत. घरात मारवाडी, शेतकऱ्याशी मराठी, बाजारात हिंदी आणि निजामी अमदानीत कचेरीच्या कामाला उर्दू, असा चार भाषांचा वावर होता. भाव पडला तेव्हा शेतकऱ्याला ते कोणत्या शब्दांत सांगावे, थकलेल्या उधारीची आठवण चार माणसांत करून द्यावी की एकांतात, आधी पाणी विचारावे आणि मग हिशेबाची पट्टी पुढे करावी, हे सारे मुलगा न शिकविता शिकत असे. घरी एकत्र कुटुंब होते. आजीचे पथ्य, काकूंचा स्वभाव, चुलतभावांतील वाटणी यांतून तडजोडीचे धडे मिळत.

त्या शाळेत दोषही होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गादीवर मुलगे बसत. मुलींना तेथे स्थान नव्हते. एकत्र कुटुंबात मोठ्यांच्या शब्दापुढे धाकट्यांचे, विशेषतः सुनांचे, मन अनेकदा अबोलच राहिले. तथापि माणसांत वावरण्याचे एक शिक्षण त्या व्यवस्थेत होते. आज ती व्यवस्था विरळ होत चालली आहे. कुटुंबे लहान झाली, मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबाद, तर काही परदेशी गेली. व्यवहार भ्रमणध्वनीवर आले. जुनी शाळा बंद होत आहे आणि तिच्या जागी नवी शाळा कोणी उघडलेली नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. त्याचे परिणाम घरोघरी दिसतात. उत्तम गुणांनी पदवी मिळविलेला तरुण आपल्याच कामगाराशी पाच मिनिटे बोलू शकत नाही. दोन भावांमधील वाटणीचा प्रश्न समोरासमोर बसून सुटण्यासारखा असतो. परंतु बोलणेच थांबल्यामुळे तो वकिलाकडे जातो. एकाच छताखाली राहणाऱ्या वृद्धाला दिवसभरात कोणी दोन वाक्ये विचारीत नाही. गोशाळेतील मुक्या जनावराविषयी ज्या समाजाला करुणा वाटते, त्या समाजातील घरात बोलू शकणारा माणूस मुका होऊन बसावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.

सामाजिक कौशल्य म्हणजे गोड बोलण्याची कला, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकणे, नकार देतानाही त्याचा मान राखणे, आपली चूक वेळेवर कबूल करणे आणि आपल्याहून वेगळ्या माणसाबरोबर सहजपणे वावरणे, या चार गोष्टी ज्याला साधल्या, तो व्यवहारकुशल होय. यांतील एकही गोष्ट जैन आचारधर्माला नवी नाही.

तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सहा बाह्य व सहा आभ्यंतर. उपवास हे बाह्य तप आहे. अठ्ठाई किंवा मासखमण करणाऱ्या तपस्व्यांची शोभायात्रा निघते, पारण्याचा सोहळा होतो आणि समाज त्यांची मनोभावे अनुमोदना करतो. आभ्यंतर तपाची सुरुवात मात्र प्रायश्चित्त, विनय आणि वैयावृत्य या तिघांनी होते. आपली चूक मान्य करणे, दुसऱ्याचा आदर करणे आणि आजारी, वृद्ध, थकलेल्यांची सेवा करणे! सुनेची क्षमा मागणाऱ्या सासूची शोभायात्रा निघत नाही, अंथरुणाला खिळलेल्या काकांना रोज जेवू घालणाऱ्या पुतण्याचा सत्कार होत नाही. पण शास्त्राने त्यांनाही तपस्वीच मानले आहे.

पाच समितींमध्ये चालण्याच्या सावधपणाला ईर्या समिती आणि बोलण्याच्या सावधपणाला भाषा समिती म्हटले आहे. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून जो खाली पाहून चालतो, त्याने शब्दाखाली मन चिरडू नये म्हणूनही तितकेच जपावयाचे असते. श्रावकाच्या सत्यव्रताला लागणारे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत केवळ खोटे बोलणे नाही. दुसऱ्याचे गुपित उघड करणे, खोटा लेख तयार करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे यांचाही समावेश आहे. व्यापारी समाजाला याहून नेमकी आचारसंहिता कोणती हवी? आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांचे कार्य परस्परांवर उपकार करणे हे आहे, असे पाचव्या अध्यायात सांगितले असून, सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना दिल्या आहेत. सर्वांशी मैत्री, गुणवंताला पाहून आनंद, दुःखिताविषयी करुणा आणि विपरीत वागणाऱ्याविषयी तटस्थता. यांतील प्रमोद ही सर्वांत अवघड. शेजाऱ्याचे दुकान अधिक चालते, भावाचा मुलगा अधिक गुण मिळवितो, तेव्हा मनापासून आनंद वाटणे, हे उपवासाहून कठीण आहे.

जालना जिल्ह्याच्या मातीलाही हा विचार परका नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकात 'उत्तम लक्षण' नावाचा एक संपूर्ण समास माणसाने चारचौघांत कसे बोलावे, कसे वागावे, काय टाळावे यासाठी दिलेला आहे. परमार्थाचा ग्रंथ लिहिणाऱ्या संतालाही लोकव्यवहाराचे शिक्षण आवश्यक वाटले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वेगळ्या माणसाबरोबर वावरण्याचे कौशल्य किती मोठे कार्य घडविते, याचे महाराष्ट्रातील उज्ज्वल उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समाजाने विसरू नये. कारण अहिंसेचा उच्चार करणाऱ्यांच्या छायेतही माणसाला दूर लोटले जाऊ शकते, हे तो दाखवितो. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 मध्ये त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांना समतेवर व्याख्याने देण्यापेक्षा एकत्र पीठ मळावयास लावणे भाऊरावांना अधिक परिणामकारक वाटले. सामाजिक कौशल्य प्रवचनाने कमी आणि सहवासाने अधिक येते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

सहवासाचे हे महत्त्व जालन्याच्या उद्योगातही दिसते. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली, बियाणे उद्योगामुळे जालन्याचे नाव देशभर झाले आणि 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या उद्योगामागील एक साधी गोष्ट फारशी बोलली जात नाही. संकरित बियाण्याच्या प्लॉटपासून ठरावीक अंतरापर्यंत त्याच पिकाचे दुसरे वाण असून चालत नाही. अन्यथा परागांची भेसळ होऊन बियाणे अशुद्ध होते. म्हणजे बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला आधी बांधापलीकडच्या शेतकऱ्याचे मन वळवावे लागते. ज्याचे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे, त्याच्या हाती उत्तम वाण असूनही शुद्ध बी येणे कठीण. शास्त्र कितीही प्रगत असो, त्याची मुळे अखेर शेजारधर्मातच असतात.

जालनेकरांना दुसरा धडा घाणेवाडीच्या तलावाने दिला. निजामी काळात बांधलेल्या या तलावाने शहराला अनेक दशके पाणी पुरविले. परंतु वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि साठवण घटत गेली. 2012-13 च्या भीषण दुष्काळात शहराला त्याची जाणीव तीव्रतेने झाली. नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपल्या शेतात नेला. नात्यांचेही असेच असते. एखादा न विसरलेला शब्द, लग्नात न दिलेला मान, हिशेबातील एखादी शंका, असा कणाकणाने गाळ साचतो. वरून पाणी दिसत राहते, पण खोली संपलेली असते. मग संकटाचा दुष्काळ येतो आणि नाते कोरडे पडल्याचे त्या दिवशी कळते. संवत्सरीची क्षमापना हा गाळ काढण्याचा वार्षिक विधी आहे. दुर्दैवाने ती आता बहुतांशी एका संदेशापुरती उरली आहे. शेकडो जणांना एकाच वेळी 'मिच्छामि दुक्कडम्' पाठविणे सोपे आहे. ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे, त्या एकाच्या घराची पायरी चढणे अवघड. परंतु गाळ तेथेच आहे, आणि काढलेला गाळ दुसऱ्याच्या शेतात खत ठरतो, तशी मनापासून मागितलेली क्षमा दोन्ही घरांना समृद्ध करते.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. व्यवहारकौशल्य वाढविणे म्हणजे चतुराई वाढविणे नव्हे काय? ही शंका योग्य आहे. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपैकी माया म्हणजे कपट. आणि गोड शब्दांत ती सहज लपते. गिऱ्हाइकापुढे वाकणारा माणूस हमालावर ओरडत असेल, तर त्याच्याजवळ कौशल्य नसून केवळ हिशेब आहे. म्हणून सामाजिक कौशल्याची कसोटी एकच : ज्याच्याकडून काहीही मिळण्याची शक्यता नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो.

आता प्रश्न नव्या शाळेचा. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'मूल्यवर्धन' उपक्रम सुरू झाला. त्यात मुले जोडीने चर्चा करतात, गटात काम करतात, आपली पाळी येईपर्यंत थांबावयास आणि दुसऱ्याचे ऐकावयास शिकतात. असे शिक्षण शाळेत देता येते, तर ते समाजाच्या वास्तूंतही देता येईल. पाठशाळेत सूत्रे मुखोद्गत करविण्याबरोबर दर आठवड्याला दोन मुलांना एकमेकांचे म्हणणे ऐकून ते चारचौघांत सांगावयास लावता येईल. आणि त्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच असेल. सुट्टीत तरुणांना काही दिवस रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करण्यास पाठविता येईल. घरगुती वाद न्यायालयात जाण्यापूर्वी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेणारी, गुप्तता पाळणारी ज्येष्ठ स्त्री-पुरुषांची एक समिती नेमता येईल. घरोघरी निदान एक जेवण असे व्हावे, की ज्या वेळी भ्रमणध्वनी दूर असेल आणि सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला प्रथम बोलण्याची संधी मिळेल. या कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ आणि थोडा अहंकारत्याग.

सुवर्णमहोत्सवानंतर संस्थेचे एक्कावन्नावे वर्ष सुरू होईल. त्या वर्षाचा हिशेब मांडताना जमा-खर्चाबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जावी : किती अबोले सुटले, किती बंद दारे उघडली. हा आकडा कोणत्याही अहवालात छापला जाणार नाही. परंतु शतकमहोत्सवाच्या दिवशी या सभागृहात जी माणसे एकत्र बसलेली असतील, ती त्याच्याच बळावर बसलेली असतील.

जय जिनेंद्र!