धीर धरा, पाणी चुकवू नका

पोर एका इयत्तेत नापास झाले की आपण म्हणतो, "याच्या नशिबी विद्या नाही; लावा कामाला." पण आंब्याचे कलम लावले तर पहिली दोन-तीन वर्षे आपण मोहोर खुडून टाकतो, झाड आधी अंगाने भरावे हे आपण जाणतो. मग पोराकडेच एका सालात फळ का मागावे?

भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. पैसा सरला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. साताऱ्यास संस्थेचे महाविद्यालय निघाले ते १९४७ साली. मध्ये २८ वर्षे गेली. पण एकही वर्ष हातावर हात ठेवून गेले नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच: सुगीच्या दिवसांत पोराचे किंवा पोरीचे दप्तर खुंटीला टांगू नका. राहिलेला विषय रोज तासभर करून घ्या. धीर म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे; रोजचे पाणी न चुकविणे, हाच धीर होय.