होडीच्या जुन्या एंजिनांतील ‘ग्राउंड’

‘अर्थिंग’ हा शब्द आपल्या शहरी घरांत चांगलाच रुळला आहे. वाट चुकलेली वीज माणसाच्या अंगांतून न जातां तारेवाटे जमिनींत जावी, हा त्याचा हेतु. पण लांकडी होडी पाण्यावर तरंगत असते. तिच्या एंजिनाला जमीन कोठून मिळावयाची?

नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनीं होडीच्या पिछाडीस अडकवावयाचें एंजिन अमेरिकेंतील मिलवॉकी येथें १९०९ सालीं विक्रीस आणलें. पुढें अशा एंजिनांत फ्लायव्हीलखालीं बसविलेला मॅग्नेटो रूढ झाला. १९५० च्या सुमाराचीं तशीं एंजिनें हौशी लोक आजहि चालवितात. त्यांत ‘ग्राउंड’ म्हणजे जमीन नव्हे, तर एंजिनाचा धातूचा सांगाडा. तोच विजेचा परतीचा रस्ता होय.

फ्लायव्हीलमधील लोहचुंबक फिरूं लागला म्हणजे तारेच्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. ‘पॉइंट’ नांवाची संपर्काची जोडी नेमक्या क्षणीं उघडते, प्रवाह एकाएकीं तुटतो, आणि त्यामुळें बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगांत ठिणगी पडते. जुन्या मोटारगाडीचें एंजिन थांबवितांना आपण बॅटरीचा प्रवाह तोडतों. येथें उलट तार जोडावी लागते. थांबविण्याची कळ दाबली कीं पॉइंटची तार सांगाड्याला भिडते. मग पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाहीं, आणि ठिणगीहि पडत नाहीं.

यांतूनच दोन विरुद्ध दोष संभवतात. कळीच्या तारेचें आवरण झिजून ती सांगाड्याला टेंकली, तर एंजिन सुरूच होत नाहीं. तीच तार तुटली, तर कळ दाबूनहि एंजिन थांबत नाहीं. पहिल्या दोषानें सहल तेवढी बुडते. दुसऱ्यानें, कोणी पाण्यांत पडला असतांहि पंखा फिरतच राहतो. पुष्कळ एंजिनांत वेग बदलतांना मॅग्नेटोची तबकडी फिरते, आणि तिच्यावरील तारा वाकून वाकून तडकतात. म्हणून दृष्टि प्रथम तेथें जावी.

ठिणगी पडत नसेल, तर कळीची तार मॅग्नेटोपासून सोडवून पाहावी. ठिणगी परत आली, तर दोष तारेंत किंवा कळींत आहे. मॅग्नेटो उघडण्याचें कारण नाहीं. न आली, तर पॉइंट स्वच्छ करावे, आणि वेटोळ्याचें सांगाड्याशीं जोडलेलें टोंक गंजलें असल्यास घासून स्क्रू घट्ट करावा. या तारेला बॅटरी मात्र कधींहि जोडूं नये, मॅग्नेटो बिघडतो.

आणि किनारा सोडण्यापूर्वीं, एंजिन मंद चालत असतां, कळ एकदां दाबून पाहावी. तें तत्काळ न थांबल्यास हवेची झडप पूर्ण मिटून तें बंद पाडावें, आणि तार दुरुस्त होईपर्यंत होडी किनाऱ्यासच बांधून ठेवावी.