फौजेची नोकरी, घर आणि फ्लाइंग स्कूल
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने विषय सुचवला तेव्हा कार्यकर्त्यांनी एवढेच सांगितले की, "तुमच्या घरात सध्या जे चालले आहे त्यावरच बोला." आमच्या घरात गेले दीड वर्ष एकच चर्चा आहे. आमचा पुतण्या हवाई दलात एअरमन आहे. विमाने दुरुस्त करण्याच्या कामात त्याची बारा वर्षे गेली. आता त्याला विमान चालवायचे आहे. लग्न झालेले, सहा वर्षांची मुलगी, गावी आई. तेव्हा फ्लाइंग स्कूल कुठले निवडावे, आणि त्याआधी, निवडावे तरी कधी, हा प्रश्न आमच्या पडवीवर येऊन बसला.

आपल्या भागाला विमान नवीन नाही. 18 डिसेंबर 1961 रोजी पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र उडवले. दाबोळी आज नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे. 2023 च्या जानेवारीपासून पेडण्यात मोपालाही विमाने उतरतात. आकाशात विमान दिसले की आपली मुले अजून वर बघतात. पण विमानात बसणे वेगळे आणि पुढच्या खुर्चीवर बसणे वेगळे. पुढच्या खुर्चीचा हिशोब आम्ही मांडला तो असा.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, त्यासाठी 200 तास उड्डाण लागते. त्यात 100 तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून, त्यातले 20 तास लांब पल्ल्याचे, शिवाय 10 तास केवळ उपकरणांकडे बघून आणि 5 तास रात्रीचे. वय 18 पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि क्लास वन वैद्यकीय तपासणी. लेखी परीक्षा वेगळ्या : हवाई नियम, हवामान, दिशादर्शन, तांत्रिक विषय. प्रत्येकात 70 टक्के हवेत. रेडिओवर बोलण्याचा परवाना आणखी वेगळा. खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो, आणि एअरलाइनमध्ये जायचे तर त्या-त्या विमानाचे टाइप रेटिंग, त्याचे पैसे निराळे.

आता फौजेचे गणित. जवानाला वर्षाला साधारण 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा. तीही युनिटच्या कामाप्रमाणे मिळते. पुतण्याचा पहिला बेत होता की दरवर्षी वार्षिक रजेत जाऊन थोडे थोडे तास जमवावेत. चांगल्या स्कूलमध्ये, चांगल्या हवेत, महिन्याला पंधरा-वीस तास झाले तर पुष्कळ. म्हणजे दोन महिन्यांत तीस-चाळीस. 200 तासांना पाच ते सात वर्षे. आणि नियम असा की हे 200 तास अर्ज करण्याच्या आधीच्या पाच वर्षांच्या आत झालेले असले पाहिजेत. एका बाजूने तास जमणार, दुसऱ्या बाजूने जुने तास गळणार. गळक्या घागरीने बाग शिंपण्यासारखेच ते. शिवाय त्या पाच-सात वर्षांत चतुर्थीला घरी येणे नाही, आईला गोमेकॉत न्यायचे तर रजा नाही, मुलीची शाळा नाही. हा बेत कागदावरच संपला.

दुसरा बेत होता नोकरी सोडण्याचा. एअरमनची पहिली मुदत 20 वर्षांची. अधिकारी नसलेल्या सैनिकाला पेन्शन बसायला 15 वर्षे सेवा लागते. त्याची झाली 12. तीन वर्षांसाठी जन्माचे पेन्शन सोडायचे आणि वर कर्ज काढायचे? शिवाय मुदतीआधी सुटका मिळणे अर्जदाराच्या हाती नसते, ते कारण बघून ठरते.

इथे आमच्या घरात दोन तट पडले. तरुण म्हणाले, वय थांबत नाही. थोरांनी बोट दाखवले ते रस्त्याकडे. सुर्लातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभ्या असलेल्या ट्रकांचे हप्ते बंद झाले नव्हते. 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा तेच. धंदा चालू असतो तेव्हा कर्ज छोटे दिसते. वैमानिकाच्या नोकऱ्यांचेही तसेच : विमाने वाढली की भरती, कंपनी बुडाली की परवानाधारक घरी. किंगफिशर गेली, जेट गेली, गो फर्स्ट गेली, हे आपण पाहिले आहे. म्हणून थोरांचे म्हणणे भित्रेपणाचे नव्हते, असे आम्हांला वाटते.

बँकेने तर वाद आणखी सोपा केला. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. आमच्याकडे तारण म्हणजे घर आणि कुळागर. आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी झालेली नाही. आणि झाली असती तरी गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. स्थावर गहाण टाकायचे तर दोघांची सही. म्हणजे सुनेला विचारणे हा आमच्याकडे मोठेपणाचा भाग नाही, कायद्याचाच भाग आहे. तिला रीतसर विचारले, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "सही मी देईन. पण आधी ते स्कूल मी स्वतः बघणार. आणि पेन्शन बसल्याशिवाय नोकरी सोडायची नाही." चर्चेत इतके नेमके बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

मग आम्ही स्कूल बघायला निघालो. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूलसाठी जागा दिल्या. त्यामुळे चोर्ला घाट चढला की सांबरा. जिथे हवाई दलाचे एअरमन घडवणारे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेच. पुतण्याने आपला पहिला सॅल्यूट तिथेच मारला होता. बाकी महाराष्ट्रात बारामती, धुळे-शिरपूर, गोंदियाला बिरसी विमानतळावरची संस्था. आणि केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला, तिथे प्रवेशपरीक्षा. 2025 पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालय या संस्थांना श्रेणीही देऊ लागले आहे. पहिल्या यादीत सर्वांत वरची श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे.

पण श्रेणी वाचून पैसे भरू नयेत. आम्ही जुलैत गेलो, मुद्दाम. जानेवारीत कोणतेही स्कूल छानच दिसते. घाटमाथ्यावर पाऊस लागला की लहान विमाने आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये, आणि विद्यार्थ्यांच्या खोलीचे भाडे, मेसचे बिल चालूच. तेव्हा पहिला प्रश्न : जून ते सप्टेंबर सरासरी किती तास होतात? आमचे शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमाचे, त्यामुळे ऑफिसपेक्षा आमचे पाय हँगरकडे वळले. माहितीपत्रकात दहा विमाने असतील. त्यातली आज उडण्याजोगी किती? एखादे सुट्या भागांसाठी सहा महिने उभे असते आणि त्याचेच भाग काढून दुसऱ्याला लावलेले असतात. हे मॅनेजर सांगत नाही, चहा पिता पिता मेकॅनिक सांगतो. विद्यार्थी किती आणि चालू विमाने किती, हा भागाकार केला की बाकी सगळे कळते. वीस विद्यार्थ्यांमागे एक विमान असेल तर एका वर्षात परवाना हे आश्वासन केवळ फलकावरचे.

दोन दिवस कुंपणाजवळ बसून उड्डाणे मोजली. सून वही घेऊन बसली होती. ज्या विमानतळावर प्रवासी विमाने येतात तिथे शिकाऊ विमानाला थांबावे लागते, तो वेळही तिने लिहिला. रात्रीच्या उड्डाणाची सोय तिथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागते, दोन इंजिनांचे विमान स्वतःचे आहे की भाड्याचे, शिकवणारे किती आणि गेल्या वर्षात किती सोडून गेले, हे सगळे तिने विचारले. एका संस्थेने पूर्ण फी आधी भरल्यास सवलत देऊ केली. ती संस्था आम्ही यादीतून काढली. जेवढे तास झाले तेवढेच पैसे, टप्प्याटप्प्याने आणि परतीचा नियम लेखी, याशिवाय बोलणे नको असे आमचे मत झाले.

शेवटी ठरले ते असे. नोकरी चालू राहील. तोवर युनिटची परवानगी काढून लेखी परीक्षांचा अभ्यास. त्याला रजा लागत नाही, रात्र लागते. बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी आत्ताच, कारण त्याला वेळ जातो. क्लास वन तपासणी पैसे भरण्याआधी. डोळ्यांत किंवा हृदयात काही निघाले तर निदान घर गहाण नसेल. उड्डाण मात्र सेवा संपल्यावर, एका दमात, पेन्शन आणि निवृत्तीचे पैसे हातात घेऊन. 2033 ला तो 39 चा असेल. भारतात वैमानिक 65 पर्यंत एअरलाइनची विमाने चालवू शकतो. एअरलाइन त्याला घेईल का, सांगता येत नाही. तरुणांना पसंती असते. पण फ्लाइंग स्कूलना शिक्षकही लागतात, आणि इंजिनाची वीस वर्षांची ओळख असलेला शिक्षक वाया जाणार नाही.

पुतण्या या निर्णयावर खूश आहे असे आम्ही म्हणणार नाही. फोनवर तो अजूनही "काका, आठ वर्षं" एवढेच म्हणतो. त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

दोन शब्द अग्निवीर झालेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी. चार वर्षांनी हातात येणारा सेवा निधी सुमारे 11.71 लाख. सीपीएलच्या खर्चाचा तो तिसरा हिस्सासुद्धा नीट होत नाही. एजंट येतील आणि उरलेले कर्ज काढून देतो म्हणतील. तेव्हा आधी तारण कोणाचे ते विचारा. अमेरिकेत सैनिकांना सरकारी योजनेतून विमानशिक्षणाला मदत मिळते, तिथेही स्वतंत्र फ्लाइंग स्कूलमध्ये शिकायचे तर सुरुवातीचा खासगी परवाना आपल्या पैशांनी काढावा लागतो. आणि जे अजून बारावीत आहेत त्यांनी एनडीएचा फॉर्म भरावा. तिथून वैमानिक झाला तर उडायला शिकण्याचे पैसे सरकार भरते, आणि ते उड्डाणाचे तास पुढे नागरी परवान्यासाठीही धरले जातात. सुर्लातून एकही फॉर्म गेला नाही असे यंदा होऊ नये.

सुनेने कुंपणाजवळ बसून लिहिलेल्या प्रश्नांची वही आम्ही झेरॉक्स करून आणली आहे. एकूण सत्तावीस प्रश्न आहेत. ज्यांना हवी त्यांनी आरतीनंतर मंडपातल्या टेबलावरून न्यावी. वाचून एखादा प्रश्न राहिलेला दिसला तर त्याच पानावर लिहून परत द्यावा, ती पुढच्या खेपेला विचारणार आहे.