एकासनी मोटारींची जोडीची धांव

धर्माबादच्या मोंढ्यांत मिरचीचा हंगाम ऐन भरांत आला म्हणजे मोटार कशाला म्हणावें, हें कोणासहि विचारावें लागत नाहीं. जिच्यांत पोतीं अधिक मावतात ती गाडी चांगली, आणि वाटेंत खोळंबा न करितां निजामाबाद गांठते ती त्याहून चांगली, ही व्यापाऱ्याची सरळ कसोटी. शर्यतीची एकासनी मोटार या कसोटीस मुळींच उतरावयाची नाहीं. तिच्यांत एकच माणूस बसतो, तोहि अर्धवट निजल्यासारखा. चाकें अंगाबाहेर, डोक्यावर छप्पर नाहीं, सामानास तसूभर जागा नाहीं. इतकें असूनहि अशी गाडी घटकाभर धांवतांना पाहावयास हजारों माणसें उन्हांत उभीं राहतात. त्यांना तेथें काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हा या भाषणाचा विषय आहे.

मोठ्या शर्यतींतील मौज नवख्यास सहसा कळत नाहीं. गाड्या समोरून सूं करून निघून जातात, पुन्हां येतात. कोण पुढें व कोण एक फेरी मागें, याचा पत्ता लागत नाहीं. इटलीतील बोलोन्या शहरीं पूर्वीं दर डिसेंबरांत भरत असलेल्या मोटार-प्रदर्शनाच्या चालकांनीं यावर एक तोड काढली. प्रदर्शनांत नव्या गाड्या गालिच्यावर झळकत उभ्या असतात, पण त्या हालत नाहींत. प्रेक्षकाचे पाय दुखतात व उत्साह मावळतो. म्हणून १९८८ पासून कांहीं वर्षें तेथील आवारांतच एक आंखूड वळणावळणाचा मार्ग आंखून ‘फॉर्म्युला वन’च्या गाड्या जोडीजोडीनें सोडण्यांत येऊं लागल्या. हरेल तो बाद, जिंकेल तो पुढच्या जोडींत. शेवटीं दोघे उरत. नियम समजण्यास एक मिनिट पुरे, आणि निकाल लागण्यास फारसा अधिक वेळ नको.

या खेळांत मोठ्या धनाढ्य संघांपेक्षां छोट्या संघांचाच उत्साह दांडगा असे. बोलोन्यापासून पन्नासेक किलोमीटरांवर फाएंझा हें गांव आहे. मिनार्डी हा संघ तेथला. वर्षभर जागतिक शर्यतींत मागच्या रांगेंत राहणाऱ्या या संघाला घरच्या अंगणांत, आपल्या माणसांपुढें जिंकण्याची संधि येथें मिळे, आणि ती त्यानें साधलीहि. याचें कारण केवळ गांवकऱ्यांची टाळी नव्हे. लांब सरळ रस्ता नसला म्हणजे बलाढ्य इंजिनाचा उपयोग अर्धाहि होत नाहीं. वरचे गिअर टाकण्यास जागाच उरत नाहीं. त्यांतून शर्यतीच्या टायरांचें रबर चांगलें तापल्यावांचून रस्त्याला घट्ट धरीत नाहीं. डिसेंबरच्या थंडींत, दोनचार वळणांच्या धांवेंत, तें तापणार केव्हां? अशा वेळीं गाडी निसरड्या वाटेवरच्या माणसासारखी चालते, आणि तिला सांभाळणाऱ्याच्या हाताचें मोल इंजिनाहून वाढतें. प्रदर्शनाची धांव लुटुपुटीची, असें म्हणणाऱ्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत घ्यावी.

हा प्रकार मराठवाड्याच्या व वऱ्हाडच्या माणसाला परका वाटूं नये. शंकरपट तरी दुसरें काय आहे? हलकी गाडी, एक हांकणारा, थोडें अंतर, आणि सेकंदाच्या अंशांनीं ठरणारा निकाल. अमरावतीकडील तळेगांव दशासरच्या पटाला जमणाऱ्या शेतकऱ्यास आंखूड धांवेचें मर्म समजावून सांगावें लागणार नाहीं. सुटतांना जोडी बिचकली कीं सारें संपलें, हें तो जाणतो. बैलांच्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांस पुन्हां परवानगी मिळाली व १८ मे २०२३ च्या निकालानें ती कायम झाली. मोटारीला मात्र चाबकाची वेदना नाहीं. तिचा धोका हांकणाऱ्याला आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्यांना.

खुद्द मुंबईंत १२ मार्च २०२३ रोजीं वांद्र्याच्या बँडस्टँडवर ‘रेड बुल’ संघानें आपली २०११ सालची गाडी आणिली होती. चालक होता स्कॉटलंडचा डेव्हिड कूल्टहार्ड, तेरा जागतिक शर्यती जिंकलेला व तेव्हां एकावन्न वर्षांचा. तिचें आठ नळकांड्यांचें इंजिन मिनिटाला अठरा हजार फेरे घेतें. त्याचा आवाज कानानें ऐकण्यापूर्वीं छातींत जाणवतो. गाडी रस्त्यावरून गेली, आली, जागच्या जागीं भिंगरीसारखी फिरली, टायरांचा धूर समुद्राकडे गेला. देखावा अपूर्व होता यांत शंका नाहीं. परंतु समोर कोणी नव्हतें आणि घड्याळहि नव्हतें. हरण्याची भीति नसल्यामुळें जिंकण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्यास आतषबाजी म्हणावें, शर्यत म्हणूं नये. बोलोन्याची युक्ति येथेंच सरस ठरते.

त्याच सालीं, एक महिना आधीं, खरी जोडीची धांव धर्माबादकरांच्या पुष्कळच जवळ आली होती. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या या सरहद्दीवरच्या गांवाहून रूळ निजामाबादमार्गें सिकंदराबादेकडे जातात. ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं हैदराबादेंत हुसेनसागराच्या कांठीं, नव्या सचिवालयाच्या बाजूनें, २.८३ किलोमीटरांच्या तात्पुरत्या मार्गावर विजेवर चालणाऱ्या एकासनी गाड्यांची जागतिक शर्यत झाली. या ‘फॉर्म्युला ई’ गाडीचें वजन चालकासह ८४० किलोग्रॅमच्या आसपास; तिची मोटर ब्रेक लावतांना उलट वीज निर्माण करून बॅटरींत परत भरते. आवाज मात्र बारीक शिटीसारखा, तेव्हां इंजिनाच्या गर्जनेसाठीं गेलेल्यांची थोडी निराशाच झाली असावी.

या शर्यतींत सुरुवातीचा क्रम जोड्या लावून ठरतो. बावीस चालकांचे दोन गट. प्रत्येकांतले चार वेगवान निवडावयाचे. मग दोघादोघांची गांठ, उपांत्य फेरी, अंतिम फेरी. दोघे एकाच वेळीं मार्गावर असले तरी एकमेकांना खेटून धांवत नाहींत. कांहीं सेकंदांच्या अंतरानें सुटतात व घड्याळ त्यांचा निवाडा करितें. या जोड्यांना ३५० किलोवॅट शक्ति वापरावयास मिळते, प्रत्यक्ष शर्यतींत ३००. हैदराबादेस अंतिम जोडींत न्यूझीलंडच्या मिच इव्हान्सनें फ्रान्सच्या जाँ-एरिक व्हेर्नला हरविलें व पहिली जागा पटकाविली. निव्वळ जोडीची धांव असती तर खेळ येथेंच संपता.

पण दुपारीं सारे एकदम सुटले. एका तीव्र वळणावर इव्हान्सच्याच जग्वार संघांतला सॅम बर्ड जोरांत आंत शिरला आणि त्याची धडक नेमकी आपल्या सोबत्याला बसली. दोन्ही गाड्या बाद झाल्या. सकाळच्या विजेत्यास परक्यानें नव्हे, घरच्यानेंच बाहेर काढिलें! व्हेर्ननें उरलेली वीज मोजूनमापून खर्चीत, मागें लागलेल्या निक कॅसिडीला थोपवून शर्यत जिंकली. काटकसर, गर्दी, सोबत्याची चूक, यांपैकीं एकहि गोष्ट जोडीच्या धांवेंत दिसत नाहीं. ती दाखविते एवढेंच कीं, एका मोकळ्या फेरींत कोणाचा हात किती धीट व किती स्थिर आहे. आणि नवख्या प्रेक्षकाला समजतें तेंहि बहुधा इतकेंच.

पुढच्या वर्षीं १० फेब्रुवारीला ही शर्यत पुन्हां व्हावयाची होती. मध्यंतरीं तेलंगणांत सरकार बदललें, करारावरून तंटा झाला आणि जानेवारी २०२४ च्या आरंभींच ती रद्द झाल्याचें जाहीर झालें. पहिल्या शर्यतीला गेलेल्यांनीं दुसऱ्या खेपेस मुलांना न्यावयाचें ठरविलें असेल, तर तो बेत तेवढ्यावरच राहिला.