मगनवाडीतला हिशेबनीस

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आशा आणि प्रेम. ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा म्हणावा अशा या दोन गोष्टींनी समाज कसा बदलतो, यावर मी आज बोलणार आहे. संत पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात विश्वासाच्या शेजारी या दोघींना बसवलं आणि तिघांत प्रेमाला थोर मानलं. माझं आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेलं, तेव्हा मी माझ्याच वाटेनं तिथवर जातो. ही वाट इथून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीतून जाते.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म १८९२ साली तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती घरात झाला. लंडनला जाऊन ते सनदी हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत चांगला व्यवसाय करू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. हिंदुस्थानच्या रयतेकडून गोळा होणारा पैसा रयतेकडे परत येतच नव्हता. देशाच्या गरिबीचं कारण त्यांना कुठल्या भाषणात सापडलं नाही, सरकारच्या हिशेबाच्या वह्यांतच सापडलं. १९२९ साली ते परतले, घराण्याचं जुनं नाव पुन्हा घेऊन जे. सी. कुमारप्पा झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना गुजरातच्या मातर तालुक्यात गावोगाव फिरून लोकांची मिळकत आणि खर्च मोजायला सांगितलं. काल-परवापर्यंत परदेशी सुटाबुटात वावरणारा हा माणूस शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून पै-पैची नोंद करू लागला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली जागा दिली, मगनलाल गांधींच्या नावानं ती मगनवाडी झाली आणि कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. त्याआधी त्याच वर्षी बिहारमध्ये भूकंप झाला होता आणि मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्यांच्या जेवणाचा रोजचा खर्च त्यांनी तीन आण्यांवर बांधून दिला होता. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथं आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई यांना सांगून टाकलं की या पाहुण्यांचा खर्च भूकंपग्रस्तांच्या पैशातून होणार नाही. गांधीजींनी ते मान्य केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याचं घर कोसळलं आहे त्याच्या पैशातला एक आणाही दुसरीकडे जाऊ न देणं, हे प्रेमच आहे. अशा प्रेमात कधीकधी वडीलधाऱ्यांनाही नाही म्हणावं लागतं.

येशूनं सांगितलेली दयाळू शोमरोन्याची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलं. धर्माधिकारी आला आणि बाजूनं निघून गेला, मंदिराचा सेवकही गेला. ज्याला यहुदी लोक परका आणि हीन समजत, तो शोमरोनी मात्र थांबला. गोष्ट सहसा इथंच संपवली जाते, पण मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यानं जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर चांदीची दोन नाणी ठेवली. वर सांगितलं की याला जास्त लागलं तर खर्च करा, परत येईन तेव्हा देईन. मला तर प्रेम आणि आशा दोन्ही या व्यवहारातच दिसतात. ती दोन नाणी म्हणजे प्रेम आणि परत येण्याचा तो शब्द म्हणजे आशा. जखमी माणूस जगेल असं धरून चालणारा आणि त्यासाठी स्वतःच्या उद्याच्या कमाईवर बोजा घेणारा तो शब्द होता.

कुमारप्पांनी हाच धागा बाजारापर्यंत नेला. १९३६ च्या आपल्या ग्रामोद्योगविषयक पुस्तकात त्यांनी कोकोचं उदाहरण घेतलं आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीनं कोको पिकत असेल आणि आपण त्याचा डबा विकत घेत असू, तर त्या जुलमात आपलाही वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यावर प्रेम कर या आज्ञेतला शेजारी त्यांना आपल्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूमागे उभा दिसत होता. म्हणून मगनवाडीत घाणीचं तेल, हातकागद, गूळ, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ यांवर खटपट चालली. घाणी गावात असली की तेलाबरोबर पेंडही गावात राहते, ढोरांच्या दावणीत जाते आणि तिथून खत होऊन शेतात. तेलबिया लांबच्या गिरणीला गेल्या की पेंड गेली आणि घाणीवाल्याची रोजीही गेली. हे समजायला पदवी लागत नाही, वऱ्हाडातली कुठलीही आजी सांगेल. पण ते मांडायला, मोजायला आणि सरकारपुढे ठेवायला शिकलेली माणसं लागतात, आणि अशी माणसं शहरात निघून जातात.

कुमारप्पांनी आपल्या धर्मबांधवांचाही मुलाहिजा ठेवला नाही. मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत होत्या. १९३० च्या त्या दिवसांत त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केलं. येशूच्या नावानं चालणाऱ्या संस्था सत्तेच्या बाजूनं गप्प बसतात, हे त्यांना सोसवत नव्हतं. श्रद्धावंत माणूस आपल्याच देवळाला, चर्चला, विहाराला प्रश्न विचारतो तेव्हा ती श्रद्धा खरी, असं मी मानतो. पुढे याच वर्धा परिसरात ख्रिस्ती संस्कारात वाढलेले आर्यनायकम् नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम उभारत होते आणि राजकुमारी अमृत कौर गांधीजींसोबत काम करत होत्या. यांपैकी कोणी गावकऱ्यांना धर्म बदलायला सांगत नव्हतं. मीही तुम्हाला ते सांगत नाही. नागपूरची १९५६ ची बौद्ध धम्मदीक्षा आणि तुकडोजी महाराजांची ग्रामसेवा ज्या मातीत झाली, तिथल्या लेकरांना आपापली वाट आहे. त्या वाटेनं जाताना या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाला सोबत घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

आशेबद्दल मला अधिक बोलायचं आहे, कारण आपल्या भागात ती फार महाग झाली आहे. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिलं, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर आहे. फी भरताना बापानं काय गहाण टाकलं, हे तुम्ही पाहिलं आहे. अशा घरातल्या मुलांना "होईल सगळं नीट" असं म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. ख्रिस्ती परंपरेतली आशा असली तोंडदेखली आशा नव्हेच. ती क्रुसाच्या वेदनेतून आलेली आहे आणि वाईट घडून गेल्यावर सुरू होते. बेचाळीसच्या आंदोलनानंतर कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही पुस्तकं एकाच मनातून आली. दुसऱ्यात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या. ओरबाडून जगणं सर्वांत खाली, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता आई लेकरासाठी करते तसा सेवेचा व्यवहार सर्वांत वर. निसर्गाचा साठा आपण खाऊन संपवतो आहोत, हा त्यांचा इशारा तेव्हा फार थोड्यांनी ऐकला. गांधीजींनी प्रस्तावनेत त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हटलं. आजच्या दिवशी तुम्हाला सांगतो, मला माहीत असलेल्या पदव्यांत याहून मोठी पदवी नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाचं नियोजन मोठ्या कारखान्यांच्या दिशेनं गेलं आणि कुमारप्पा एकटे पडत गेले. तरी काँग्रेसच्या शेतीसुधार समितीचं अध्यक्षपद घेऊन त्यांनी जमिनीच्या प्रश्नावर अहवाल दिला. मग आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला आश्रम काढून ते शेतीत उतरले आणि शेवटी मदुरैकडे गेले. १९६० साली ते वारले. आपलं म्हणणं त्यांना जिंकताना पाहता आलं नाही, पण त्यांनी कामही थांबवलं नाही.

महाराष्ट्रात प्रेमाचं आणि आशेचं हे बीज दुसरीकडे रुजलेलंही दिसतं. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला गेले. शाळा न पाहिलेल्या, कित्येक दलित असलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, अतिसार, लसीकरण शिकवलं. डॉक्टरकीचं ज्ञान त्यांनी वाटून टाकलं, आणि ज्यांना गावात कोणी पाण्याला शिवू देत नव्हतं, त्यांनाच गाव आपल्या लेकरासाठी बोलवू लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्यापैकी कोणी बँकेत जाईल, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत, कोणी घरच्या शेतात. माझी मागणी नेमकी आहे. पहिला पगार हातात येईल तेव्हा महिन्याचा खर्च लिहा आणि प्रत्येक रकमेपुढे तो पैसा कोणाच्या घरी गेला ते लिहा. मगनवाडीत जा, तिथल्या संग्रहालयाची दालनं बघा. कर्जमागणीचा कागद टेबलावर आला तर त्यामागच्या माणसाला बसायला खुर्ची द्या. तुम्ही शिकलात ते गावातल्या एका तरी मुलीला शिकवा, आणि दोन वर्षांनी तिची चौकशी करायला पुन्हा जा.

प्राचार्य, आता यांना पदव्या द्या.