दुखणं लपवून धावणाऱ्या मुली
(मुर्री येथील महिला मेळाव्यातील भाषण)

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्वप्ना बर्मनने दाढदुखीमुळे गालाला पट्टी लावून हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. आपण टाळ्या वाजवल्या. शाळेत कबड्डी खेळताना मीही पाळीतल्या कळा लपवल्या होत्या. सांगितले असते तर संघातून नाव गेले असते. ती जिद्द नव्हती, भीती होती. २०१६ मध्ये रिओत चिनी जलतरणपटू फू युआनहुई पाळीबद्दल उघड बोलली. आपल्या पूर्व विदर्भात तर सिकलसेल आहे. अशा मुलीला तहानलेले, न थांबता पळवणे जिवावर बेतू शकते. तेव्हा रक्ततपासणी करून घेऊया, पण त्या निमित्ताने तिला घरी बसवू नका. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलीची संघातली जागा कायम राहिली पाहिजे, ही आपली मागणी आहे.