उशीर नेमका कुठे होतो?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आनंदाच्या दिवशी कॅन्सरचा विषय काढतोय, रागावू नका. आपल्यातली बरीच कुटुंबे जुन्नर-आंबेगावची. गावाकडून तपासणीला येणारा माणूस आपल्याच दारात उतरतो, म्हणून बोलतो.

माझी बरीच नोकरी त्या भागातल्या शाखांत झाली. बँकेत हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए होते. दुखणे मात्र लोक त्याहून जास्त थकवतात. घोडेगावच्या एका खातेदार बाईंना मिशरीची सवय. गालात आतून चट्टा आला. आधी घरचे औषध, मग मलम, मग भातलावणी, मग मुलीचे लग्न. तुकडा काढून तपासला तोवर आजार मानेतल्या गाठींत उतरला होता. आहुप्याकडच्या वाडीतून तपासणीला यायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडते, हेही खरेच.

पण हे बदलू शकते. बार्शीला १९८७ साली टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे सांगत, तपासणीला जा म्हणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. नवे यंत्र आले नव्हते, माणूस दारापर्यंत गेला होता.

आपल्याला काय करता येईल? तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर थांबायचे नाही. आधी जवळचे सरकारी रुग्णालय गाठायचे. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमातच आहे. येताना शिधापत्रिका, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत आणायला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा.

माझी एक सूचना आहे. सोसायटीच्या ऑफिसात एक वही ठेवू. कुणाकडे गावचा पेशंट आलाय, पुढची तारीख कोणती, सोबत कोण जाणार, एवढेच लिहायचे. नाव-आजार घरच्यांनी हो म्हटले तरच. तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी फोन करायचा. आम्ही निवृत्त मंडळी रिकामीच आहोत. वसुलीसाठी आयुष्यभर लोकांना फोन केले; आता यासाठी करू.